क्रेडिट कार्ड म्हणजे उसनी वाटी



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्याकडच्या एका बचत गटाची मासिक बैठक होती. सतरंजी टाकली, हजेरी झाली, बचत जमा झाली. हप्त्यांची वेळ आली तेव्हा एक ताई खाली बघत म्हणाल्या, "या महिन्याला माझा हप्ता नाही जमायचा." सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. नऊ वर्षांत या ताईंचा एकही हप्ता चुकला नव्हता. दुष्काळात नाही, मुलीच्या लग्नाच्या वर्षीही नाही.

बैठक संपल्यावर आम्ही त्यांच्याजवळ बसलो. तेव्हा कळलं, वर्षापूर्वी त्यांनी क्रेडिट कार्डावर फ्रीज घेतला होता, वीस हजारांचा. "दर महिन्याला बँकेचा मेसेज येतो. त्यात लिहिलेली रक्कम मी न चुकता भरते. हजाराच्या आसपास असते. वर्ष झालं, आता निम्मं फिटलं असेल," त्या म्हणाल्या. आम्ही मोबाईलवर बिल उघडून बघितलं. वर्षभरात त्यांनी अकरा हजारांच्या वर भरले होते. आणि बाकी किती होती? साडेसतरा हजार.

त्या ताईंनी हप्ता म्हणून जे भरलं, तो हप्ता नव्हताच. मेसेजमध्ये जी रक्कम यायची ती होती 'मिनिमम', म्हणजे किमान रक्कम.

ही गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगत आहोत, नाव मात्र सांगत नाही. आणि आमचीही एक चूक सांगायला हवी. कार्ड घ्यायच्या आधी त्यांनी आम्हाला विचारलं होतं. आम्ही काय म्हणालो? "बँकेचं आहे ना, मग घ्या की." सावकाराचं नाही, बँकेचं आहे, एवढंच आम्ही पाहिलं. दर विचारला नाही, तारीख विचारली नाही. गटात शंभर रुपयांचा हिशेब दोनदा तपासणाऱ्या आम्ही, कार्डाच्या बाबतीत मात्र न वाचता सल्ला दिला. म्हणून आजचा हा भाग.

आधी कार्डं ओळखू या

आपल्या घरात आता तीन-तीन कार्डं असतात आणि सगळ्यांनाच आपण 'कार्ड' म्हणतो. गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिलं एटीएम कार्ड, म्हणजे डेबिट कार्ड. जनधन खात्याबरोबर मिळालेलं रुपे कार्ड हे याच जातीचं. यातून आपल्याच खात्यातले पैसे निघतात. खात्यात नसतील तर निघत नाहीत.

दुसरं किसान क्रेडिट कार्ड. ही योजना १९९८ सालची. हे शेतीचं कर्ज आहे. पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याजात सवलत मिळते. आपल्या राज्यात तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेत फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज पडत नाही.

तिसरं साधं क्रेडिट कार्ड. आज बोलायचं ते याच्याबद्दल. नावात 'क्रेडिट कार्ड' दोन्हीकडे आहे, पण किसान कार्डाची सवलत इथं नाही. आणि गटाची जी सीसी असते, कॅश क्रेडिट, तिचाही याच्याशी संबंध नाही.

या कार्डावर बँक एक मर्यादा ठरवून देते, समजा तीस हजार. तेवढ्यापर्यंत आपण खरेदी करायची, दुकानदाराला पैसे बँक देते, आणि आपण ते नंतर बँकेला द्यायचे. ही मर्यादा म्हणजे आपली कमाई नव्हे. मेसेजमध्ये 'तीस हजार उपलब्ध' असं लिहिलेलं असतं, पण ते उपलब्ध असतं ते कर्ज.

उसनी वाटी

शेजारणीकडून आपण वाटीभर साखर उसनी आणतो. बाजार झाला की वाटी भरून परत देतो. शेजारीण व्याज मागत नाही. क्रेडिट कार्ड तसंच आहे, पण एका अटीवर. ठरल्या तारखेला वाटी पूर्ण भरून परत गेली पाहिजे. चिमूटभर कमी गेली, की शेजारीण सावकार होते.

आता तारखा समजून घेऊ. कार्डाला दोन तारखा असतात. एक, बिल निघायची तारीख. दुसरी, पैसे भरायची शेवटची तारीख. समजा बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि भरायची शेवटची तारीख २५ आहे. तुम्ही ६ मार्चला खरेदी केली, तर ती ५ एप्रिलच्या बिलात येईल आणि पैसे २५ एप्रिलपर्यंत भरायचे. म्हणजे पन्नास दिवस बिनव्याजी मिळाले. तीच खरेदी ४ मार्चला केली असती, तर ती ५ मार्चच्या बिलात आली असती आणि २५ मार्चला भरावी लागली असती. मिळाले फक्त एकवीस दिवस. खरेदी तीच, दोन दिवसांचा फरक, पण जवळजवळ महिन्याची मुदत गेली.

आमच्या ओळखीच्या एक ताई उन्हाळ्यात पापडाचा धंदा करतात. बिल निघालं की दुसऱ्या दिवशी त्या कार्डावर आठ हजारांची उडीद डाळ आणतात. पापड विकले जातील तसे डाळीचे पैसे वेगळ्या पिशवीत ठेवतात. त्या पिशवीला घरात कुणी हात लावत नाही. २५ तारखेच्या आधी आठ हजार भरून मोकळ्या. हेच पैसे त्यांनी गटातून शेकडा दोननं दोन महिन्यांसाठी घेतले असते, तर ३२० रुपये व्याज पडलं असतं. ते वाचलं. कार्ड त्यांनी वापरलं, कार्डानं त्यांना वापरलं नाही.

मात्र एक बघा. काही दुकानदार कार्ड काढलं की शंभराला दोन रुपये जास्त लावतात. आधी विचारा. लावत असेल तर रोख दिलेलं बरं.

किमान रकमेचा चकवा

आता त्या फ्रीजवाल्या ताईंचा हिशेब मांडू. वही-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

बँका वर्षाचा दर टक्क्यांत सांगतात. आपल्याला कळतो तो महिन्याचा शेकडा. म्हणून आपण शेकड्यातच बोलू. आपल्या गटात अंतर्गत कर्ज बहुतेक ठिकाणी शेकडा दोननं असतं. क्रेडिट कार्डाची बाकी राहिली तर दर साधारण शेकडा तीन ते पावणेचार पडतो. म्हणजे वर्षाला छत्तीस ते पंचेचाळीस टक्के. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी.

ताईंचं बिल होतं २०,००० रुपये. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे १,००० रुपये. त्या भरल्या. उरले १९,०००. त्यावर शेकडा साडेतीननं व्याज ६६५ रुपये. व्याजावर जीएसटी सुमारे १२० रुपये. पुढच्या महिन्याची बाकी झाली १९,७८५. म्हणजे हजार रुपये भरले, आणि कर्ज घटलं फक्त २१५ रुपयांनी! व्याज दिवसांवर मोजतात, त्यामुळे रक्कम थोडी मागेपुढे होईल, पण गणित हेच.

असं बारा महिने केलं तर भरले जातात सुमारे ११,३००, आणि बाकी राहते सुमारे १७,५००. या काळात नवीन काहीही विकत घेतलेलं नसतं, तरी.

आणि नवीन काही घेतलं तर? इथं दुसरा चकवा आहे. मागची बाकी असताना नवीन खरेदीला ते बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पाव किलो चहापत्ती घेतली, तरी त्याच दिवसापासून व्याज सुरू.

मग किमान रक्कम असते कशाला? ती भरली की खातं थकीत धरत नाहीत आणि उशिराचा दंड लागत नाही, इतकंच. कर्ज फेडण्यासाठी ती नाही. बँकेला बिलावर तसा इशारा छापावा लागतो, पण तो बारीक अक्षरात असतो आणि बहुतेक वेळा इंग्रजीत.

गटानं काय केलं

त्या रात्री ताईंना वाटत होतं, आता गटात तोंड कसं दाखवायचं. पण पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ते बिल वाचलं. कुणी हसलं नाही. खरं सांगायचं तर तिघी जणी गप्प झाल्या, कारण त्यांच्याही घरात तसंच कार्ड होतं, कुणाच्या मुलाचं, कुणाच्या मालकांचं.

गटानं ताईंना १७,५०० रुपयांचं अंतर्गत कर्ज दिलं, शेकडा दोननं, अठरा हप्त्यांत. त्याच आठवड्यात कार्डाची बाकी पूर्ण भरली. पहिला हप्ता आला १,३२२ रुपयांचा. हप्ता दर महिन्याला उतरत जातो, शेवटचा हजाराच्या आत असेल. अठरा महिन्यांचं सगळं व्याज मिळून ३,३२५ रुपये. तेही गटातच राहतं आणि वाटपाच्या वेळी आपल्यालाच मिळतं. उलट कार्डावर किमान रक्कमच भरत राहिल्या असत्या, तर अठरा महिन्यांनंतरही सुमारे साडेचौदा हजार बाकी राहिली असती.

महिन्याला दोनतीनशे रुपये जास्त निघतात खरे. त्यासाठी ताईंनी मोबाईलचं मोठं रिचार्ज आणि भिशीतला एक नंबर सोडला. आता सातवा हप्ता झाला आहे.

पण सगळ्याच गटांत एवढा निधी नसतो, हेही खरं. तेव्हा बँकेत जाऊन विचारा की बाकी रक्कम कमी व्याजाच्या ठरावीक हप्त्यांत बदलून मिळेल का. तोपर्यंत कार्ड वापरणं पूर्ण बंद. आणि एक गोष्ट अजिबात करू नका. कार्डाची बाकी भरायला मोबाईल ॲपवरून झटपट कर्ज घेऊ नका. आगीतून फुफाट्यात जाल.

बिलावरच्या पाच ओळी

बिल कितीही लांबलचक असलं, तरी या पाच ओळी शोधा. शब्द इंग्रजी असतात, म्हणून तसेच सांगतो.

'स्टेटमेंट डेट' म्हणजे बिल निघाल्याची तारीख.

'पेमेंट ड्यू डेट' म्हणजे भरायची शेवटची तारीख. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. रेंज जाते, सर्व्हर बंद पडतो. चार दिवस आधी भरा.

'टोटल अमाउंट ड्यू' म्हणजे एकूण देणं. हीच रक्कम भरायची.

'मिनिमम अमाउंट ड्यू' म्हणजे किमान रक्कम. ही ओळ वाचायची आणि सोडून द्यायची.

'फायनान्स चार्जेस' म्हणजे व्याज. इथं शून्य असलं पाहिजे. शून्य नसेल, तर आपली वाटी कधीतरी अपुरी परत गेली आहे असं समजा.

काटकसर करणाऱ्या घराचे नियम

काटकसर म्हणजे कंजुषी नव्हे. पैसा कुठं जातो ते आपल्याला ठाऊक असणं, म्हणजे काटकसर. कार्डामुळे हेच ठाऊक राहत नाही, कारण हातातून नोट जात नाही. शंभराची नोट मोडताना जीव थोडा अडतो. कार्ड घासताना अडत नाही. २०२२ पासून तर रुपे क्रेडिट कार्ड मोबाईलच्या यूपीआयला जोडता येतं. भाजीवाल्याकडे क्यूआर स्कॅन केला, तर पैसे खात्यातून गेले की कार्डातून, हे पटकन कळतही नाही. म्हणून पैसे पाठवण्याआधी वर कोणतं खातं दिसतंय ते बघायचंच.

आमच्या गटांनी मिळून काही नियम ठरवले आहेत.

खात्यात किंवा डब्यात तेवढे पैसे आधीच असतील, तरच कार्डावर खरेदी करायची. खरेदी झाली की त्याच दिवशी तेवढे पैसे बाजूला काढायचे. पापडवाल्या ताईंची डाळ आधीच ठरलेल्या विक्रीसाठी असते, म्हणून तिथं पिशवी चालते. फ्रीज पैसे कमावून देत नाही.

एका घरात एकच कार्ड. प्रत्येक खरेदी वहीत, गटाच्या वहीसारखी. लग्न, सण, जत्रा यासाठी कार्ड नाही. ऋण काढून सण करू नये, हे आपल्याला आजीनंच सांगितलंय.

कार्डानं एटीएममधून रोख कधीही काढायची नाही. तिथं बिनव्याजी दिवस नसतात. पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळं शुल्क.

पॉईंटच्या मोहात पडायचं नाही. शंभराच्या खरेदीवर रुपया मिळतो म्हणून नको असलेली शंभराची वस्तू घेतली, तर नुकसान नव्व्याण्णव रुपयांचं. 'बिनव्याजी हप्ते' म्हटलं, तर दुकानदाराला विचारा, "रोख घेतलं तर किती कमी कराल?" जेवढे कमी करेल, तेवढं ते व्याजच. रिझर्व्ह बँकेनंही २०१३ साली बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच.

मग कार्ड घ्यावंच का? दरमहा ठरावीक पगार येत असेल, किंवा धंद्यात माल घेऊन पैसे नक्की फिरत असतील, तर उपयोग आहे. रात्री-अपरात्री दवाखान्यात भरती करायची वेळ आली, तरी कार्ड कामी येतं. वेळेवर पूर्ण भरणा केला, तर आपल्या नावाची कर्जाची नोंद, ज्याला आपण सिबिल म्हणतो, ती सुधारते. हा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो आणि पुढं कर्ज मागताना बँक तो बघते. पण उत्पन्न पावसावर असेल आणि तारखेला पैसे येतीलच याची खात्री नसेल, तर कार्ड नसणं हेच शहाणपण. कार्ड नाही म्हणून कुणी मागासलेलं ठरत नाही.

आपले हक्क

रिझर्व्ह बँकेचे नियम आपल्या बाजूनं आहेत. न मागता बँक कार्ड देऊ शकत नाही. आपल्या संमतीशिवाय मर्यादा वाढवू शकत नाही. आलेलं कार्ड तीस दिवसांत सुरू केलं नाही, तर बँकेला ओटीपी पाठवून पुन्हा संमती विचारावी लागते. आपण ती दिली नाही, तर कार्ड फुकट बंद करावं लागतं.

कार्ड कात्रीनं कापलं म्हणजे बंद झालं असं नाही. वार्षिक शुल्क चालूच राहतं. बाकी भरून बंद करण्याची विनंती रीतसर करा आणि तिचा पुरावा ठेवा. काही देणं नसेल, तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं. नाही केलं, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये आपल्याला द्यावे लागतात.

वसुलीवाले सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत, शिवीगाळ किंवा धमकी तर नाहीच. तक्रार आधी बँकेकडे लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. चौकशीचा क्रमांक १४४४८.

आणि "तुमची मर्यादा वाढवतो, ओटीपी सांगा" असा फोन आला, तर ठेवून द्या. बँक ओटीपी मागत नाही. चुकून सांगितला गेला, तर लाजू नका, लगेच बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितकं नुकसान.

पुढच्या बैठकीचं काम

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला घरातली सगळी कार्डं घेऊन या. सतरंजीवर मांडा. एटीएमचं कोणतं, किसानचं कोणतं, क्रेडिटचं कोणतं, ते ओळखा. पिन मात्र कुणी कुणाला सांगायचा नाही. ज्यांच्याकडे क्रेडिट कार्डाचं बिल आहे, त्यांनी त्या पाच ओळी मोठ्यानं वाचा. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब ही आपली पंचसूत्री. घरातल्या कार्डालाही यातली शेवटची दोन सूत्रं लावायची, एवढंच.

आमच्या गटात आता बिल वाचायचं काम त्या फ्रीजवाल्या ताईंकडे आहे. कुणी कार्ड घेऊ का म्हणून विचारलं, तर आम्ही आता "बँकेचं आहे ना" असं म्हणत नाही. त्या ताईंकडे पाठवतो. त्या पहिला प्रश्न विचारतात, "शेकडा किती?" आणि दुसरा, "तारखेला पूर्ण भरता येईल का?" दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय पुढं बोलत नाहीत.

तुमच्या गटात असं काही घडलं असेल तर आम्हाला जरूर कळवा.